दोन बलूनांमधले बारा तास

माळव्याच्या आभाळात आत्ता वाफेच्या रूपात किती पाणी आहे, हे जाणून घ्यायचं तर आजवर भोपाळकडे पाहावं लागे. तिथल्या वेधशाळेतून हायड्रोजन भरलेला बलून सुटतो. त्याच्याखाली रेडिओसोंडची छोटी डबी असते. सेकंदाला पाचेक मीटर वेगाने वर चढताना ती दाब, तापमान आणि आर्द्रता कळवत जाते. जगभर या बलूनांची ठरलेली वेळ म्हणजे आपल्या घड्याळात पहाटेचे आणि संध्याकाळचे साडेपाच. मधल्या बारा तासांत काय झालं, आणि भोपाळपासून १९० किलोमीटरवरच्या इंदूरवर काय झालं, याला बलूनकडे उत्तर नाही.

आता दुसरा मार्ग आहे. गाडीला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांचे संकेत ही वाफ ओलांडूनच खाली येतात आणि ओलांडताना थोडे रेंगाळतात. त्या रेंगाळण्यावरून वाफ मोजता येते. हे साधन किती भरवशाचं, यावर वाद घालणारी दोन माणसं मी इथे उभी केली आहेत. काकांची सगळी नोकरी वेधशाळेत, बलून सोडण्यात गेली. पुतणी उपग्रहांचे संकेत वाचते. माणसं कल्पित आहेत, मुद्दे मात्र खरे.

काका: आधी हे सांग, तुझं यंत्र वाफ मोजतं की वेळ?

पुतणी: वेळ, काका. वाफेला ते शिवतही नाही. जीपीएसचा उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर असतो. तिथून लहर इथे पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. वाटेत नुसती पोकळी असती तर त्याहून किंचित कमी लागला असता. हा जादा वेळ आम्ही अंतरात मांडतो. उपग्रह थेट डोक्यावर आहे असं धरलं तर समुद्रसपाटीला कोरड्या हवेमुळे २.३ मीटर वाढतात. वाफेमुळे आणखी काही सेंटिमीटर. हिवाळ्यात पाच-दहा, भर पावसाळ्यात चाळीसच्या जवळपास.

काका: म्हणजे तुला हवी ती गोष्ट एकूण उशिराचा सहावा-सातवा हिस्सा, तोही पावसाळ्यात. थंडीत तर पंचविसावा ते पंचेचाळिसावा. एवढ्यातून मिलिमीटर कसे सांगणार?

पुतणी: लहर बारीक आहे म्हणून. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. तिचा टप्पा शंभराव्या भागापर्यंत ओळखता येतो, म्हणजे दोनेक मिलिमीटर अंतर. आणि वाफेचा उशीर तिच्यातल्या पाण्यापेक्षा मोठा असतो. डोक्यावरची सगळी वाफ थंड होऊन जमिनीवर उतरली आणि तिचा एक मिलिमीटर थर झाला, तर त्या वाफेने लहरीला साडेसहा मिलिमीटरचा उशीर केलेला असतो. पाण्याचा रेणू विद्युतदृष्ट्या एका बाजूला झुकलेला आहे, त्याचा हा परिणाम. त्यामुळे उशीर मोजताना झालेली चूक पाण्यात मांडली की साडेसहा पटीने लहान होते.

काका: आणि उपग्रहाचं घड्याळ चुकलं तर? तुझ्या यंत्राचं चुकलं तर?

पुतणी: ती चूक आकाशात कुठेही पाहिलं तरी सारखीच राहते. हवेची तशी नाही. क्षितिजापासून पाचच अंश वर असलेल्या उपग्रहाची लहर डोक्यावरच्यापेक्षा दहापट हवेतून येते. एका वेळी दहा-बारा उपग्रह निरनिराळ्या उंचीवर दिसतात आणि सारखे सरकत असतात. उंचीप्रमाणे बदलणारा उशीर हवेचा, न बदलणारा घड्याळाचा. असं हिशेबात ते वेगळे पडतात.

जमिनीची मोजणी करणाऱ्यांना हा उशीर फार आधीपासून ठाऊक होता. त्यांच्या लेखी ती वजा करायची चूक होती. १९९२ साली मायकेल बेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निबंध लिहून मांडलं की ही वजाबाकीच हवामानशास्त्राच्या कामाची आहे. त्यानंतरची तीसेक वर्षं हे काम जगभर चाललं आहे. इंदूरजवळ सिमरोलच्या आयआयटीतही आपल्या 'नाविक' उपग्रहांचे संकेत घेतले जातात. तिथला मोठा विषय मात्र वाफ नाही. तो आहे तिच्याही बराच वरचा, आयनांबराचा. चुंबकीय विषुववृत्तावरून वर उसळून उत्तरेकडे सरकलेल्या इलेक्ट्रॉनांची दाटी ज्या पट्ट्यात शिगेला पोचते, त्या पट्ट्याजवळ इंदूर येतं. सूर्य मावळल्यावर तिथे मोठी उलथापालथ होते आणि संकेत थरथरू लागतात. सूर्य ऐन भरात असलेल्या वर्षांत तर अधिकच.

काका: मग वाफेच्या आधी हे आयनांबर तुझ्या मापात घुसणार. त्याचा उशीर तर वाफेपेक्षा कितीतरी मोठा.

पुतणी: मोठा आहे, पण त्याची एक खूण आहे. तो लहरीच्या वारंवारतेनुसार बदलतो. वाफेचा उशीर या लहरींसाठी बदलत नाही. म्हणून प्रत्येक उपग्रह दोन वारंवारतांवर बोलतो. जीपीएस १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झवर, नाविक ११७६.४५ आणि २४९२.०२८ वर. दोन्हींतला फरक पाहिला की आयनांबराचा बहुतेक भाग गळून पडतो. नाविकच्या दोन वारंवारता एकमेकींपासून लांब आहेत, ते इथे उपयोगीच पडतं.

काका: मग वाफेसाठी नाविकच वापर की.

पुतणी: एकट्या नाविकवर वाफ काढणं अवघड आहे. त्याचे काही उपग्रह भूस्थिर, आकाशात एकाच जागी दिसणारे. बाकीचे इंग्रजी आठाच्या आकारात सावकाश फिरतात. मघाशी म्हटलं ना, उपग्रह वर-खाली सरकले तरच हवा आणि घड्याळ वेगळे पडतात. इथे ते पुरेसे सरकत नाहीत. शिवाय मूळच्या सातांपैकी काहींची अणुघड्याळं बंद पडली. २०२३च्या मे महिन्यात गेलेल्या नव्या उपग्रहावर भारतात बनलेलं घड्याळ आहे, त्यावर माझी आशा आहे. तोवर जीपीएस, रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ यांच्या जोडीने नाविक घ्यायचा.

काका: बरं, कोरडी हवा कशी वजा करतेस?

पुतणी: तिथे तुमचीच मदत लागते. बॅरोमीटर.

या उत्तराने काका सावरून बसले. कोरड्या हवेचा उशीर जमिनीवरच्या दाबावरून निघतो. सास्तामोइनेन यांनी १९७२ साली दिलेलं सूत्र आजही वापरात आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. पावसाळ्यात इथला दाब ९४० हेक्टोपास्कलच्या आसपास धरला तर कोरड्या हवेचा उशीर २.१५ मीटरच्या घरात येतो. एकूण उशिरातून हा वजा करायचा आणि जो उरेल तो वाफेचा. दाबात एका हेक्टोपास्कलची चूक झाली की पाण्याच्या मापात एक तृतीयांश मिलिमीटरची चूक होते.

काका: बॅरोमीटर किती उंचीवर टांगलाय यावर सगळं आलं. इथे नऊ मीटर वर गेलं की एक हेक्टोपास्कल उतरतो.

पुतणी: आणि खरा सापळा तिथेच आहे. उपग्रह सांगतात ती उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. मध्य भारतात दोन्हींत पन्नास-साठ मीटरांचा फरक पडतो. दुसऱ्या ठिकाणचा दाब आपल्या उंचीवर आणताना कुणी या दोन उंचींची गल्लत केली, तर सहा हेक्टोपास्कलची चूक. पाण्यात दोन मिलिमीटर.

काका: आणि मग ती चूक 'आज वाफ वाढली' म्हणून छापून येणार. सिमरोलहून भैरव घाट उतरून चोरलकडे निघालं की थोड्याशा अंतरात जमीन किती खाली जाते, पाहिलंयस ना? तिथे इंदूरच्या विमानतळाचा दाब उसना घेऊन चालणार नाही.

पुतणी: मान्य. प्रत्येक यंत्राशेजारी बॅरोमीटर असणं सगळ्यात चांगलं.

काका: आता उरलेला उशीर पाण्यात बदलतेस ते कशाच्या आधारावर?

पुतणी: साडेसहा हा आकडा पूर्ण पक्का नाही. वाफ किती गरम हवेत आहे यावर तो थोडा हलतो. हवेच्या थरांचं, वाफेच्या प्रमाणात वजन दिलेलं सरासरी तापमान लागतं. ते आम्ही जमिनीवरच्या तापमानावरून अंदाजतो. बेव्हिस यांच्या निबंधातलं सूत्र आहे.

काका: ते सूत्र कुठून आलं?

पुतणी: अमेरिकेतल्या १३ ठिकाणच्या ८,७१८ बलूनांच्या नोंदींवरून.

काका: बलूनांच्या!

पुतणी: हो, बलूनांच्या. आणि ती ठिकाणं २७ ते ६५ अंश उत्तर अक्षांशांतली. इंदूर पावणेतेवीसवर. आपल्यासाठी ते सूत्र आपल्याकडच्या बलूनांवर पुन्हा बसवावं लागतं.

नव्या साधनालाही बलून लागतोच, हा काकांचा मुद्दा निव्वळ जुन्या माणसाचा अभिमान म्हणून सोडून देता येत नाही. नवं साधन आलं की जुनं बंद करून पैसे वाचवायचा मोह सरकारी खात्यांना होतो. या ठिकाणी ते घातक ठरेल. उपग्रहांच्या संकेतांवरून मिळतो एक आकडा: डोक्यावरच्या सगळ्या वाफेची बेरीज. ती वाफ जमिनीलगत आहे की चार किलोमीटरवर, हे त्यातून कळत नाही. वादळ उठणार की नाही हे बरंचसं त्यावरच ठरतं. बलून थर न थर दाखवतो. उलट, बलूनची आर्द्रता मोजणारी पट्टी दिवसा उन्हाने तापते आणि हवा आहे त्यापेक्षा कोरडी दाखवते. हा दोष पकडण्यात याच उपग्रहांच्या मापांचा जगभर उपयोग झाला. दोघांनी एकमेकांना तपासावं, यातच दोघांची किंमत आहे.

इनसॅट या आपल्या हवामान-उपग्रहांवरून वाफ मोजणाऱ्या साउंडरचं नावही इथे घ्यायला हवं. तो अवरक्त किरणांवर चालतो आणि ढगांच्या आत पाहू शकत नाही. म्हणजे ज्या दिवशी माहिती सर्वांत जास्त हवी, नेमका त्याच दिवशी तो आंधळा. नॅव्हिगेशनच्या लहरी ढगांतून आणि पावसातून बिनदिक्कत खाली येतात. पुतणीच्या बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा मला हाच वाटतो.

काका: आता माझा खरा प्रश्न. २०२०च्या ऑगस्टमध्ये इंदूरला चोवीस तासांत अडीचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. आठवतंय ना, वस्त्याच्या वस्त्या पाण्यात होत्या. त्या दिवसांत तुझं यंत्र काय दाखवतं? इथल्या आभाळात सगळी मिळून वाफ किती?

पुतणी: मे महिन्यात वीस-तीस मिलिमीटर. जुलै-ऑगस्टमध्ये पन्नास-साठ. सत्तरच्या फार पुढे सहसा जात नाही.

काका: आभाळात साठ आणि खाली पडले अडीचशे. मग तुझ्या आकड्याचं करायचं काय?

हा प्रश्न ऐकून मी थांबलो. वाफेच्या मापाबद्दल बोलताना तो बहुतेक लेखांत येतच नाही, आणि तो आल्याशिवाय या मापाचा अर्थ कळत नाही. आभाळ भरलं आणि रिकामं झालं, अशी आपली समजूत असते. घरातल्या टाकीत हजार लिटर मावतात म्हणून दिवसभरात नळाला हजारच लिटर येतील असं थोडंच आहे? नर्मदेचं पाणी वरून येत राहिलं तर टाकी दिवसातून चार वेळा भरेल आणि चार वेळा रिकामी होईल. त्या दिवशी इंदूरच्या डोक्यावरची वाफ चारहून अधिक वेळा पडून गेली आणि तितक्याच वेळा नव्याने भरली. बंगालच्या उपसागरावरून आलेलं कमी दाबाचं क्षेत्र मध्य भारतात शिरतं, अरबी समुद्रावरचे वारे त्याच्याभोवती वळतात, आणि चहूबाजूंची वाफ एका जागी ओढली जाते. पाऊस किती पडेल हे साठ्यापेक्षा या ओढीवर ठरतं.

पुतणी: म्हणूनच मी एका आकड्यावर काहीच सांगत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी आकडा घेते आणि तो कसा हलतो ते पाहते. मोठ्या पावसाआधी काही तास वाफ चढत जाते. पाऊस पडत असतानाही ती उतरली नाही, तर बाहेरून भरणा चालू आहे असं समजायचं. तुमचा पहाटेचा बलून यातलं काही पाहू शकत नाही. ढग फुटतो दुपारी तीनला. तेव्हा पहाटेच्या बलूनला साडेनऊ तास झालेले असतात आणि संध्याकाळचा सुटायचा असतो.

काका: आणि चढलेली वाफ पाऊस न देताच उतरली, असं किती वेळा होतं?

पुतणी: बऱ्याचदा. सबंध जुलै वाफ भरपूर असते, तरी अनेक दिवस कोरडे जातात. पावसाळ्याच्या खंडात कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो. इथे घाम पुसत बसायची वेळ येते आणि आकडा तरीही पन्नासच्या आसपास राहू शकतो.

काका: मग सांवेर-देपालपूरच्या सोयाबीनवाल्याला हा आकडा देऊ नकोस. त्याला इंदूरच्या सोयाबीन संस्थेने साधं सांगितलंय: शंभर मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नको. त्याला पर्जन्यमापक पुरतो.

पुतणी: पर्जन्यमापक पडलेलं पाणी सांगतो, काका. जूनमध्ये दोन वळवाच्या सरी जोरात येतात, शेतकऱ्याला वाटतं मान्सून आला. तो पेरतो, नंतर पंधरा दिवस ऊन, आणि दुबार पेरणी. वळवाच्या सरीनंतर वाफ पुन्हा खाली येते. मान्सून खरोखर पोचला की ती चढते आणि वर टिकून राहते. हा फरक आठवड्याभराच्या आलेखात दिसतो.

काका: आलेख तू बघ, भोपाळच्या अंदाजवाल्यांना दाखव. शेतकऱ्याच्या मोबाइलवर नको. तो आकडा अर्धवट आहे आणि अर्धवट आकड्यावर बियाणं मातीत जातं.

इथे दोघांचं जुळलं नाही, आणि मी काकांच्या बाजूने आहे. हे माप अंदाजाच्या गणितात कच्चा माल म्हणून जायला हवं. जपानने तसंच केलं. तिथे भूकंपासाठी जमिनीची हालचाल टिपायला 'जिओनेट' नावाचं सुमारे १,३०० केंद्रांचं जाळं उभारलेलं होतं. त्याचीच वाफेची मापं जपानची हवामानसंस्था २००९पासून आपल्या अंदाजाच्या प्रारूपात घालते. लोकांना मिळतो तो पावसाचा अंदाज. वाफेचा आकडा प्रारूपाच्या पोटात राहतो.

काका: एका सिमरोलच्या यंत्राने तर काहीच होणार नाही. त्याची नजर कुठवर जाते?

पुतणी: दहा अंशांपर्यंतचे उपग्रह घेतले तर दोन किलोमीटर उंचीवर चहूबाजूंना अकरा-बारा किलोमीटर. त्या वर्तुळाची सरासरी मिळते. इंदुरात राजवाड्यावर पडेल की विजयनगरला, ते नाही सांगता येणार. आणि वाफ कुठून कुठे ओढली जातेय हे पाहायला एक यंत्र पुरतच नाही. धार, उज्जैन, देवास, खरगोन, खंडवा, सगळीकडे हवं.

काका: कोण बसवणार एवढी?

पुतणी: बरीचशी बसलेलीच आहेत.

ती म्हणते ते खरं आहे, आणि माझ्या दृष्टीने या विषयाचं मर्म इथे आहे. सर्व्हे ऑफ इंडियाने गेल्या काही वर्षांत देशभर कायम चालू राहणाऱ्या संदर्भकेंद्रांचं जाळं उभारलं. एकूण केंद्रं हजाराच्या घरात. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने त्याला वेग दिला आणि पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत मध्य प्रदेश होता. गावठाणातल्या घरांच्या हद्दी ठरवायला, पटवाऱ्याच्या सीमांकनाला सेंटिमीटरची अचूकता मिळावी, हा त्यामागचा हेतू. पण ती केंद्रं रात्रंदिवस तेच संकेत ऐकतात ज्यांत वाफेचा उशीर मुरलेला आहे. त्याच्या तुलनेत हवामान विभागाची स्वतःची, खास वाफेसाठीची केंद्रं मोजकीच आहेत.

अडचण तंत्राची कमी, खात्यांची जास्त आहे. सर्व्हे ऑफ इंडिया विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखाली, हवामान विभाग पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली. जमीन मोजणाऱ्याला आज घेतलेली नोंद उद्या मिळाली तरी चालते, अंदाजवाल्याला ती पंधरा मिनिटांत हवी. जमीन मोजणाऱ्याला बॅरोमीटरची गरज नाही, अंदाजवाल्याचं त्याच्यावाचून अडतं. उपग्रहाच्या मानाने बॅरोमीटर अगदी स्वस्त. कोट्यवधी रुपयांचं जाळं उभं असताना तेवढ्यावाचून त्याचा अर्धा उपयोग वाया जात असेल, तर माळव्याच्या प्रत्येक आमदाराने तो मागायला हवा असं मला मनापासून वाटतं.

काका: समजा बॅरोमीटर लागले. माप बरोबर आहे हे ठरवणार कशावरून? भोपाळचा बलून इंदूरच्या मापाला साक्षी म्हणून चालत नाही, एकशेनव्वद किलोमीटर आहेत मध्ये.

पुतणी: सीहोर जिल्ह्यात सिलखेड्याला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने मोठं वातावरण-संशोधन केंद्र उभारलंय, २०२४मध्ये सुरू झालं. पावसाळी ढग आणि वाफ यांचाच अभ्यास तिथे चालतो. पहिली तुलना तिथे करायची. यंत्रं शेजारी-शेजारी ठेवून, निदान दोन पावसाळे.

काका: दोन पुरणार नाहीत. एक भरपूर पावसाचा हवा, एक खंडाचा हवा, आणि आयनांबर खवळलेलं असतानाचा एक हवा. आणि वाफ चढली पण पाऊस आला नाही, त्या प्रत्येक दिवसाची नोंद वेगळी ठेव. ती वही मला दाखव, मग बोलू.

पुतणी: ती वही मोठी होईल.

काका: व्हायलाच हवी. आमच्या बलूनांचीही होती.